बातमीचा कागद

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर हंगामी वृत्तनिवेदक म्हणून वाचू लागले, तेव्हा माझं शिक्षण कागदापासून सुरू झालं. बातमी एकाच बाजूला लिहायची. या पानावरचं वाक्य पुढच्या पानावर जाता कामा नये. पानांना टाचणी नको. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं, कारण कागदाची सळसळ माइक लगेच पकडतो. मोठा आकडा अक्षरांत लिहायचा. १,२५,००,००० वाचताना डोळे शून्यं मोजत बसतात, ‘सव्वा कोटी’ मात्र जिभेवर सहज येतं. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीची तिरकी रेघ.

सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या सुधा नरवणे यांच्या आवाजात ऐकतच मी मोठी झाले होते. त्या वाचनात घाई नसे आणि लाडिकपणाही नसे. त्याचं मोल मला ३० सप्टेंबर १९९३ला कळलं.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं लातूर-उस्मानाबाद हादरलं. त्या दिवशी बातमीपत्राचे कागद कोरे करकरीत राहिलेच नाहीत. मृतांचा आकडा खोडून नवा लिहायचा, तोवर आणखी एक चिठ्ठी यायची. त्या भागातली कितीतरी मुलं पुण्यात शिकायला होती. गावाकडे फोन लागत नव्हते. रेडिओला कान लावून ती फक्त गावाच्या नावाची वाट पाहत असणार, हे मला कळत होतं. किल्लारी. सास्तूर. मंगरूळ. प्रत्येक नावापुढे मी रेघ मारली आणि प्रत्येक नाव सुटं, स्वच्छ वाचलं. गळा दाटून आला होता, पण आवाज हलू दिला नाही. त्या क्षणी रडायचा अधिकार ऐकणाऱ्यांचा होता. माझं काम त्यांच्यापर्यंत शब्द नीट पोचवायचं.

पुढे मुंबई दूरदर्शनवर गेले. १९७२मध्ये सुरू झालेल्या या केंद्रावरून विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांच्यासारख्यांनी मराठी बातम्यांना चेहरा दिला होता. रेडिओवर कागदात डोळे घालून वाचलं तरी चाले. इथे वाक्य संपेपर्यंत नजर वर यायला हवी आणि पुढची ओळ चुकताही कामा नये. मग टेलिप्रॉम्प्टर आला, कॅमेऱ्याच्या भिंगापुढच्या काचेवर मजकूर सरकू लागला. तरी कागदाची प्रत मी हाताशी ठेवायचेच. यंत्र अडलं म्हणून बातमी अडता कामा नये.

आज वाहिन्यांवर चोवीस तास बातम्या असतात. दुर्घटनेची बातमी चढ्या आवाजात, मागे संगीत लावून दिली जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ज्याच्या घरचं माणूस त्या बातमीत आहे, त्याला त्या आरडाओरड्यातून हवं ते नाव शोधावं लागतं.

नव्या मुलामुलींना शिकवताना म्हणूनच मी आवाजाच्या चढ-उतारांपासून सुरुवात करत नाही. त्यांच्या हातात कागद देते आणि विचारते, यातल्या कोणत्या गावाचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही? त्यावर खूण करा. तालुक्याला फोन लावून उच्चार विचारून घ्या. तेवढं केल्याशिवाय माइकसमोर बसायचं नाही.