आठ परसांवरचं पाणी

माणदेशात पाऊस रुसला की भरतीला पोरं वाढतात. हे कुणी आकडे मांडून सांगितलेलं नाही. पारावर बसणारी माणसं सांगतात आणि मला ते पटतं. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडं पाचशे पडला तरी लोक ‘साल बरं गेलं’ म्हणतात. घरात दोन भाऊ असले की एक रानात राहतो, दुसरा पलटणीत जातो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, तेव्हापासून ही वाट मळलेली. शौर्याची परंपरा वगैरे आपण भाषणात म्हणतो, आणि ती आहेच. पण त्या परंपरेच्या मुळाशी कोरडी विहीर आहे, हे भाषणात कुणी घेत नाही.

आमचे आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, याच वाटेनं गेले. 1962च्या चीन युद्धानंतर लष्करानं भरती वाढवली होती. छाती फुगवून दाखवली, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरवर दाखल झाले. पुढं पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. पहिला पगार घरी आला तेव्हा आजोबांनी आधी सावकाराचं बघितलं आणि मग बैलाचं. खिलारी खोंडांची एक जोडी त्या पगारांवर उभी राहिली.

गावाला आण्णा हवे असायचे ते 1971चे. पंधरा ऑगस्ट आला की शाळेत बोलावणं, शाल, नारळ, आणि ‘युद्धाचा एखादा प्रसंग सांगा’. आण्णा उभे राहून जमालपूरची गोष्ट सांगत. पलटण मेघालयाच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरली, ब्रह्मपुत्र ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून बसली. आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. समोरच्या कर्नलानं उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. इथं पोरं टाळ्या वाजवायची. आण्णा प्रामाणिकपणे सांगून टाकायचे, ‘‘म्या काय ती चिठ्ठी बघितली न्हाई. आमी खड्ड्यात हुतो. हे मागनं कळालं.’’ गुरुजींचा चेहरा जरा पडायचा. 10 डिसेंबरच्या रात्री बलुच फौज वेढा फोडायला मराठ्यांच्या मोर्च्यांवर आली आणि तिथंच अडली. 11 तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाइलला 2 पॅरा छत्र्यांनी उतरली. ही 2 पॅरा म्हणजे मूळची मराठ्यांचीच तिसरी बटालियन. पुढं पुंगलीच्या पुलाशी जंगी पलटण तिला जाऊन मिळाली. परमुलखात, नदीकाठी, अंधारात समोरून मराठी बोल ऐकू आला असेल तेव्हा कसं वाटलं असेल, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, ‘‘बरं वाटलं.’’ बास.

शाळेत न सांगितलेला प्रसंग ते रानात सांगायचे. औत सोडून लिंबाखाली बसले की हमखास. ‘‘आरं, तितं मोर्चा खांदायचा म्हंजी काय! हातभर खांदलं की तळाला ओल, कमरंएवढं ग्येलं की पानी. बूट भिजल्यालं, बंदूक वर धरल्याली, आन् मी आपला बघतुय त्या पान्याकडं. वरनं गोळं पडत्यात आन् मला वाटतंय, एवढं पानी आपल्या रानात आसतं तर...’’ मूठभर गाळ उचलून त्यांनी वास घेतला होता. लोण्यासारखी माती, एक खडा लागेना. शेजारचा जवान शिराळ्याचा, तोही शेतकऱ्याचाच पोर. तो म्हणाला म्हणे, हितं ऊस झकास आला असता. आघाडीवरच्या खड्ड्यात दोन माणसं उसाचा हिशेब करत होती, हे कुठल्या युद्ध-इतिहासात छापून येणार?

ढाका 16 डिसेंबरला पडला. पलटण परतली, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल मिळालं. आणि आण्णा लांब रजेवर घरी आले ते थेट 1972च्या दुष्काळात.

स्टेशनवरून चालत येताना पाझर तलावाच्या कामावर बायाबापड्यांची रांग दिसली. त्यात थोरली आई, म्हणजे आण्णांची बायको होती, डोक्यावर पाटी, पदरानं तोंड बांधलेलं. आण्णांनी तिला ओळखलं नाही. तिनं ओळखलं, पण मुकादम हजेरी घेत होता, म्हणून हाक मारली नाही. संध्याकाळी घरी सुकडी आणि रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी. दुसऱ्या दिवशी वर्दी ट्रंकेत घालून आण्णा त्याच कामावर गेले. जिंकून आलेला जवान खडी फोडतोय म्हणून कुणी तरी हळहळलं, तर त्यांनी घण खाली न ठेवता सांगितलं, ‘‘तितंबी खांदतच हुतो की.’’ त्या दुष्काळातल्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्यामागं तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे होते. असा विचार सुचायला माणूस त्याच कोरड्या मुलखातला असावा लागतो, असं माझं मत आहे.

हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा चाळिशीही झालेली नव्हती. गावात अशा फौजींचे दोन प्रकार असतात. एक बँकेच्या दारात सिक्युरिटीला उभा राहतो, दुसरा विहीर काढतो. आण्णांनी विहीर काढली. सगळी ग्रॅच्युइटी तिच्यात गेली. माती संपली, मुरूम लागला, मुरूम संपून काळा खडक. पहारेनं सुरुंगाची भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. सुरुंगाच्या आधी आण्णा सगळ्या रानाला वळसा घालून खणखणीत हुकूम द्यायचे, आणि म्हातारी कोतारी, शेरडंकरडं गुमान मागं सरायची. दोन उन्हाळे असे गेले. थोरली आई दगड ओढायला दोरावर असायची. परस म्हणजे पुरुषभर खोली. पाचव्या परसाला लोक म्हणाले थांबवा. सातव्याला भाऊबंद हसायला लागले. आठव्या परसावर कपारीतून करंगळीएवढा झरा फुटला. आण्णा खाली होते. वर ओरडून सांगायचं सोडून ते गप्प बसून राहिले, आणि वरची माणसं घाबरली, की दरड बिरड लागली काय.

पाणी थोडंच होतं. किर्लोस्करचं इंजिन तासाभरात घसा खरवडायला लागायचं. पण त्यावर मालदांडी ज्वारीला एक संरक्षित पाणी मिळायचं, आणि आमच्याकडं रब्बीला एक पाणी म्हणजे पीक आणि कडबा यांच्यातला फरक.

शेती ते पलटणीसारखी करायचे आणि त्यामुळं गावात त्यांची थट्टाही व्हायची. पहाटे दाढी केल्याशिवाय गोठ्यात जायचे नाहीत. कुळवाची पास, पाभरीचं चाडं, दोर, सगळं खुंटीला आपापल्या जागी. खुरपं दुसऱ्या खुंटीवर दिसलं की पोरांची झडती. लष्करी खाकी पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात पाऊस लिहिलेला असायचा. एक पान माझ्यासमोर आहे: ‘उत्तरा. 0430 ते 0515. ओल वीतभर. बांध क्र. 3 फुटला, दुपारी दुरुस्त.’ त्याच्याखाली, ‘हस्त. कोरडा.’ मग नुसते ‘कोरडा, कोरडा’ असे शेरे. रागाचा, देवाला बोल लावण्याचा एक शब्द नाही. हजेरी घ्यावी तसा पाऊस घेतलेला. बांधांना नंबर दिलेले सबंध तालुक्यात दुसरं रान नसेल. पुढं वॉटर कप स्पर्धेच्या काळात गावोगाव श्रमदानाची हवा आली आणि पोरं माळावर समपातळी चर मारायला गेली, तेव्हा सत्तरी ओलांडलेले आण्णा काठी घेऊन उताराची पातळी दाखवायला हजर होते. चर पातळीत कसा मारायचा, मातीचा ढीग कुठल्या अंगाला टाकायचा, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

1965 साली शास्त्रीजींनी ‘जय जवान, जय किसान’ दिलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं त्यात दोन माणसं येतात, एक सीमेवरचा आणि एक नांगरामागचा. आमच्या भागात तो एकच माणूस असतो. शिवाय एक तिसरी व्यक्ती त्या घोषणेत बसलेलीच नाही. आण्णा पलटणीत होते ती सगळी वर्षं पेरणी, काढणी, सोसायटीचं कर्ज, आजारी बैल, सगळं थोरल्या आईनं ओढलं. तिला कुणी शाल दिली नाही. मी एकदा तसं म्हटलं तर ती ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, ‘‘त्यास्नी वर्साला रजा तरी हुती.’’ आणि आणखी गंमत म्हणजे शेवटपर्यंत घर चाललं ते पेन्शनीवर. शेतीनं आण्णांना कधी पगार दिला नाही. उलट दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन आणलेली पेन्शन शेतीनंच खाल्ली. पाइपलाइन, मोटर, बी, खत. देशानं दिलेला पैसा त्यांनी बिनबोभाट त्या आठ परसांत ओतला.

आण्णा गेले तेव्हा तालुक्यातले माजी सैनिक टोप्या घालून आले, सलामी झाली, एकानं भाषण केलं. त्यात जमालपूर होतं, ढाका होतं, मेडलं होती. विहीर नव्हती. त्यांना ठाऊक नसेल, दोष कुणाचाच नाही.

तुमच्या गावात असा एखादा फौजी म्हातारा असेल. त्याला लढाईचं तुम्ही विचारालच, सगळेच विचारतात. जाता जाता एवढंही विचारा, की आण्णा, तुमच्या विहिरीला पाणी कितव्या परसाला लागलं. आणि घरातून म्हातारी बाहेर आली, तर तिलाही बसवून घ्या. दोर तिच्याच हातात होता.