तळ्यात पडलेला कॅमेरा

आपले फोटो नव्हते असं नाही. होते. पण ते आपल्या घरात नव्हते, साहेबाच्या बुकात होते. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड इंग्रजानं १८६८ ते १८७५ या काळात छापले. सत्तावनच्या उठावात हादरलेल्या राज्यकर्त्याला आता रयत ओळखून ठेवायची होती. म्हणून ह्या देशातली माणसं जातीजातीनं, जमातीजमातीनं कॅमेऱ्यापुढं उभी केली आणि खाली बहुधा जात लिहिली. माणूस कसला, नमुना.

पुढं स्वराज्य आलं. साहेब गेला, कॅमेरा दुसऱ्या साहेबाच्या गळ्यात गेला. आमच्या कोडोलीच्या आसपास फोटो काढण्याजोगं काय, तर पन्हाळ्याचा सूर्यास्त, जोतिबाच्या चैत्री यात्रेतला गुलाल आणि वारणेकाठचा ऊस. ऊस फोटोत हिरवागार. तो तोडणारी बाई फोटोच्या कडेला अर्धी कापलेली.

आमच्या घरात भिंतीवर दोन फोटो. एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा. दोन्ही कॅलेंडरातले, कापून काचेत घातलेले. घरातल्या एकाही माणसाचा फोटो नव्हता. आजा माझ्या जन्माच्या आधीच गेला. तो कसा दिसायचा विचारलं की आज्जी म्हणायची, "तुझ्यागतच, पर उंच." बास. एवढाच माझा आजा. गावात पाटलाच्या सोप्यात चार पिढ्या ओळीनं टांगलेल्या, फेट्यासकट. आणि आम्हाला बापाच्या बापाचं नाक कसं होतं ते ठाऊक नाही. इतिहास नाही म्हणतो आपण, तो असा भिंतीपासून नसतो.

बाबासाहेबांचा फोटो मात्र नीट बघा. सूट, टाय, खिशाला पेन. ज्याला गावकुसाबाहेर फाटक्यात ठेवायचं त्यानं असं कॅमेऱ्याकडं बघायचं, हेच मुळात बंड. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं त्यांचा पुतळा बसला तो डिसेंबर १९५० मध्ये, शेजारी जोतीरावांचा. बाबासाहेब तेव्हा हयात होते. तिकडं अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा माणूस गुलामीत जन्मला, १८१८ साली. (भीमा कोरेगावची लढाई त्याच सालातली, सहज सांगतो.) गुलामीतून पळाला, पुढारी झाला, आणि त्या शतकात अमेरिकेत ज्यांचे सगळ्यात जास्त फोटो निघाले त्यांत त्याचं नाव वर आहे. जवळजवळ सगळ्या फोटोंत गंभीर. हसरा गुलाम मालकाला आवडतो, हे तो ओळखून होता.

हे सगळं मला नंतर कळलं. कॅमेरा आधी आला. १९८२ च्या हंगामात गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारली, त्या पैशातून कोल्हापुरात जुना आग्फा क्लिक थ्री घेतला. काळी पेटी. ऊन असलं तर एक खूण, ढग असला तर दुसरी. मागं बारकी तांबडी काच, तिच्यातून नंबर बघायचा. एका रिळात बारा फोटो. बारा म्हंजे बाराच. तुम्ही आज एका वडापावचे बारा काढता.

माझ्या डोक्यात तेव्हा दलित पँथर, निग्रो साहित्य, वास्तव असलं सगळं गरगरत होतं. मला आज्जीचा फोटो जात्यावर पाहिजे होता. श्रमाचा, घामाचा. आज्जी आधी म्हणाली, "फोटू काढला की आवक्ष कमी हुतंय." मग म्हणाली, "काढ, पर दळताना नगं."

"का?"

"उभा जलम दळण्यात गेला. आता फोटूत बी दळत बसू व्हय रं? खुर्ची आण."

खुर्ची आमच्या घरात कुठली? गुरुजींच्या घरातनं आणली. आज्जीनं जयंतीचं पांढरं लुगडं काढलं, तोंड धुतलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांकडं एकदा बघितलं आणि माझ्या अभ्यासाचं पुस्तक मागून घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. पुस्तक मांडीवर धरून ती अशी बसली, की मला हसू येईना आणि 'वास्तव' हा शब्दही तोंडातून निघेना. लिंबाखाली सावली होती. ढगाची खूण लावली आणि बटण दाबलं. रिळातला पहिला फोटो.

यावर माझ्या एका मित्राशी वर्षानुवर्षं वाद झाला. तो म्हणायचा, खुर्चीतला फोटो खोटा, जात्यावरचा खरा. मी म्हणतो, आपलं काय दाखवायचं ते आज्जी ठरवणार की तू? समीक्षकाला जातं हवं असतं. त्यानं स्वतःच्या आज्जीचं काढावं.

तर रीळ तसंच कॅमेऱ्यात, आणि मार्च १९८३ उजाडला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यालं, त्या दिवसासाठी वाड्यातली माणसं महाडला निघाली. वर्गणी काढून ट्रक ठरवला. ऊस वाहायचा ट्रक, हौद्यात पाचट अजून पडलेलं. वाठारला हमरस्त्याला लागलो, कराड, सातारा करत महाबळेश्वर ओलांडलं, आणि पोलादपूरकडं उतरताना आंबेनळी घाटात मागच्या चाकाचा पाटा कडकन तुटला. रात्रीचे दोन. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काळोख. ड्रायव्हर पाटा आणायला मिळंल त्या गाडीनं गेला तो उजाडलं तरी परतला नाही. म्हाताऱ्या बायकांनी रात्रभर भीमगीतं म्हटली, पोरं पाचटात झोपली. उजाडल्यावर मी दोन फोटो काढले. दगड लावलेलं चाक, आणि त्या चाकाला टेकून भाकरी खाणारी माणसं. मला विचाराल तर त्या प्रवासातले तेच दोन खरे फोटो होते.

महाडात पोचायला दुपार कलली. तळ्यावर ही गर्दी. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. मी पाच-सहा फोटो काढले असतील, तेवढ्यात मागून लोंढा आला, गळ्यातला पट्टा तुटला आणि कॅमेरा थेट तळ्यात. दोन पोरांनी बुडी मारून वर काढला. एकजण हसत म्हणाला, "भावा, तळ्यानं तुझा कॅमेरा बाटवला!" सगळे पोट धरून हसले. हसण्यासारखंच होतं. १९२७ साली आपण पाणी प्यालो म्हणून ह्यांनी शेण, गोमूत्र, दही, दूध घातलेल्या एकशेआठ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. आमचा कॅमेरा कुणी शुद्ध करायचा?

मी तो उन्हात वाळवायला ठेवणार, तर रस्त्याकडेला तीन पायांच्या स्टँडवर पेटी मांडून बसलेला म्हातारा फोटोवाला ओरडला, "अरे पोरा, वाळवू नकोस. वाळलं की फिल्म चिकटली. पाण्यातच ठेव, धुवायच्या वेळेपर्यंत." मग वाड्यातल्या एका मावशीनं भाकरीचा जर्मनचा डबा रिकामा केला. त्यात तळ्याचंच पाणी भरलं, कॅमेरा बुडवला, झाकण लावलं. लोकांनी बाटल्यांतून पाणी गावी नेलं; मी डब्यातून नेलं. रात्रभर ट्रकमध्ये तो डबा मांडीवर. मला महाडच्या फोटोंची फिकीर नव्हती. आत आज्जी होती.

कोल्हापुरात पहिल्या स्टुडिओवाल्यानं झाकण उघडून बघितलं. "कुठं भिजला?"

"महाडला. चवदार तळ्यात."

त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "असलं आम्ही आमच्या केमिकलात घालत नाही." आता रीळ भिजलेलं म्हणून, की पाणी कुठलं ते कळलं म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. असल्या वाक्यांचा अर्थ लावायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, आणि पुरावा कधी हाती लागत नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी अंधाऱ्या खोलीत काम करणारा पोरगा भेटला, बागवानाचा. मालक गेल्यावर रात्री ये म्हणाला. अंधारात त्यानं कॅमेरा उघडला, रीळ धुतलं. बारातले सहा निघाले. कसे, तर फोटो काढत जाल तशी फिल्म गुंडाळली जाते. पहिला फोटो गुंडाळीत सगळ्यात आत. पाणी बाहेरून शिरलं. त्यामुळं महाडची गर्दी गेली, तळं गेलं. घाटातलं चाक राहिलं, घरच्यांपैकी चौघं राहिली, आणि आज्जी राहिली. कोपऱ्यात एक ओघळाचा डाग.

पण पहिली प्रिंट आली ती बघून मी गप्प. लुगडं पांढरंफेक आणि चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका. पोरगा म्हणाला, "लुगड्यावर हिशेब धरला की चेहरा बुडतो." मग त्यानं तारेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा लावला आणि कागदावर उजेड पडत असताना चेहऱ्याच्या जागी ती सावली हलती धरली, काही सेकंद. तेवढा भाग उजळतो. तिसऱ्या कागदावर आज्जीचे डोळे आले. चौथ्यावर कपाळाच्या सुरकुत्या, गोंदण, सगळं.

म्हंजे प्रश्न कातडीचा नव्हता, हिशेब कुणावर धरला त्याचा होता. रंगीत फोटोचंही तेच झालं. कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवायला नमुन्याचं कार्ड पाठवायची, त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाई. तिचा गाल बरोबर आला की सगळं बरोबर. पोलरॉईड कंपनीची यंत्रणा तर दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांच्या पासबुकावरचे फोटो काढायला वापरली जायची. १९७० साली कंपनीतल्याच दोन काळ्या कामगारांनी, कॅरोलाईन हंटर आणि केन विल्यम्स यांनी, ते उघडं केलं, बहिष्काराची हाक दिली. हंटरची नोकरी गेली. पण १९७७ मध्ये कंपनीला तिथला धंदा बंद करावा लागला. ही नावं आपल्या पोरांना पाठ पाहिजेत.

आज कॅमेरा तुमच्या खिशात आहे. पण त्यांच्याही खिशात आहे. जुलै २०१६ ला गुजरातेत उना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना बांधून मारलं, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला. लपवायला नव्हे, मिरवायला. तो पसरला, देश पेटला, हे खरं. पण जगानं आपल्याला बघायचं ते मार खातानाच, हे किती दिवस? आपल्या वाड्यातली बाई बँकेत सही करताना, पोरगी सायकल शिकताना, म्हातारा दाढी करताना कुणी काढलाय? जयंतीच्या डीजेचे हजार फोटो आहेत, आईचा एक नीट नाही.

आज्जी १९८७ साली गेली. तिचा फोटो कोडोलीच्या घरात बाबासाहेबांच्या खालच्या खिळ्याला आहे. गेल्या जयंतीला पुतण्यानं मोबाईलवर त्याचा फोटो घेतला आणि दोन मिनिटांत डाग घालवून दाखवला. बघतो तर आज्जी गोरीपान झालेली, सुरकुत्या गायब.

"काका, ॲपच करतंय ते आपोआप."

"डाग गेला तर जाऊ दे," म्हटलं, "चेहरा होता तसा परत आण."

अर्धा तास झाला, तो खटपट करत होता. मी चहा ठेवला.