दाराचा खटका आणि गार वारा

गेल्या मे महिन्यात आम्ही हजीऱ्यास जाऊन आलो. सुरतेच्या पश्चिमेस, तापी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे हे गाव आहे. आता तेथे खत, पोलाद, नैसर्गिक वायू आणि अवजड यंत्रे यांचे प्रचंड कारखाने उभे आहेत. शेजारीच सुवाळीचा किनारा लागतो. १६१२ साली इंग्रजांच्या जहाजांनी पोर्तुगीज आरमारास ह्याच किनाऱ्यासमोर माघार घ्यावयास लावली आणि सुरतेत आपले पाऊल रोवले. त्या काळी वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्याच हाती होता, तेव्हा आम्हां वसईकरांस ह्या किनाऱ्याविषयी थोडे कुतूहल असावे हे स्वाभाविक आहे. परंतु आमचा आजचा विषय जहाजांचा नाही, मोटारीचा आहे.

धर्मग्रामाच्या कामासाठी आम्ही एक जुनी आठ आसनी मोटार वापरतो, हे आमच्या लोकांस ठाऊक आहेच. आजाऱ्यांस इस्पितळात नेणे, वृद्धांस मिस्सेला आणणे, बँडवाल्या मुलांचे ढोल वाहणे, अशी सारी कामे ती करते. आमच्या गावची काही कुटुंबे नोकरीनिमित्त हजीऱ्याच्या वसाहतींत राहतात. त्यांस भेटावे म्हणून आम्ही निघालो. त्यांपैकी एका कुटुंबाचा चार वर्षांचा मुलगा सुट्टीत आजीकडे आला होता. त्यास आईबापांकडे पोचवावयाचे होते, म्हणून आजी आणि नातू दोघेही आमच्याबरोबर आले. मोटार चालवावयास गावातलाच एक तरुण होता.

निघताना पहिले काम आम्ही केले ते मुलाच्या सुरक्षिततेचे. मागील दार उघडले की त्याच्या कडेच्या पत्र्यात, कुलपाच्या जवळ, एक बारीक दांडी दिसते. ती फिरवली की दार आतून उघडत नाही. आतली मूठ कितीही ओढली तरी ती नुसती हालते. बाहेरून मात्र दार उघडता येते. मूल धावत्या गाडीचे दार उघडून रस्त्यावर पडू नये, म्हणून ही योजना असते. आम्ही स्वतः ती दांडी फिरवली, मूठ ओढून खात्री करून घेतली, आणि आपण मोठे दूरदर्शी आहोत असे मनाशी म्हणून पुढच्या आसनावर जाऊन बसलो.

महामार्गावर मनोर, चारोटी, तलासरी करीत गाडी चालली होती. ऊन कडक होते. वातानुकूलन यंत्र चालू होते आणि आमच्या तोंडावर इतका गार वारा येत होता की आम्ही अंगाभोवती उपरणे घेतले. वापीच्या पुढे चहास थांबलो, तेव्हा मागचे दार उघडून आजींना विचारले, "आजी, फार थंडी वाजत नाही ना?" त्या उतरल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "फादर, थंडी कसली? पाठ पार भिजली माझी. म्हटलं, गाडीच अशी असेल. तुम्हांला कुठे सांगत बसू?"

आम्ही चालकाकडे पाहिले, चालकाने छताकडे पाहिले. अशा मोठ्या गाडीत मागच्या लोकांसाठी छतात वेगळ्या झडपा असतात आणि त्यांच्या पंख्याची कळही वेगळी असते. ती बंद होती. समोरच्या यंत्राचा गारवा समोरच फिरत राहिला, आणि मागे एक वृद्ध बाई व एक मूल दोन तास उकडत बसले. आजींनी तक्रार केली नाही, ह्याचे कारण आम्ही जाणतो. फादरांच्या गाडीत बसावयास मिळाले हेच पुष्कळ, वर आणखी काय मागावे, असा संकोच आमच्या लोकांत अजून आहे. त्या संकोचाचा लाभ आम्ही पाद्री मंडळी नकळत किती ठिकाणी घेत असू, देव जाणे.

पुढच्या प्रवासात चालकाने आम्हांला ह्या यंत्राविषयी पुष्कळ काही सांगितले. गाडी उन्हात उभी राहिलेली असेल तर बसताक्षणी काचा बंद करून यंत्र सुरू करू नये; आधी काचा उघड्या ठेवून दोनचार मिनिटे गाडी चालवावी, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावाव्या. गाडीच्या चित्रात आतल्या आत वळलेला बाण असलेली कळ दाबली की यंत्र बाहेरची हवा घेत नाही, आतलीच पुन्हा पुन्हा गार करते. त्याने गारवा लवकर येतो आणि पुढच्या ट्रकचा धूरही आत शिरत नाही. परंतु सातआठ माणसे तासभर तीच हवा श्वासात घेत राहिली, तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड साचतो, डोके जड होते आणि सारे जांभया देऊ लागतात, चालकसुद्धा. म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. पावसाळ्यात काचेवर धुके धरते तेव्हा ते आतून आहे की बाहेरून, हे बोट लावून पाहावे. आतून असेल तर बाहेरची हवा घेऊन वाऱ्याचा रोख काचेवर करावा. बाहेरून असेल तर काच फार गार झाली आहे असे समजून गारवा कमी करावा आणि पुसणी फिरवावी. आम्ही इतकी वर्षे दोन्ही वेळा आतून हातरुमाल फिरवीत होतो.

पलसाण्यास महामार्ग सोडून आम्ही हजीऱ्याच्या रस्त्यास लागलो. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. तो हजीऱ्यापासून निघून धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर करीत थेट ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. त्यावर अवजड ट्रकांची रांग कधी तुटत नाही. वसाहतीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अशा ठिकाणी बाहेरच्या माणसास प्रवेशपत्र काढावे लागते. चालक गाडीची कागदपत्रे घेऊन खिडकीकडे गेला. आम्हीही ओळखपत्र घेऊन त्याच्यामागे गेलो. पाय अवघडले म्हणून आजी उतरून कडुनिंबाच्या सावलीस उभ्या राहिल्या. मूल मागे गाढ झोपले होते. त्यास उकडू नये म्हणून आम्हीच चालकास सांगितले, "यंत्र चालू राहू दे, पाच मिनिटांचे तर काम." किल्ली जागेवर राहिली, इंजिन चालू राहिले, दारे लोटलेली राहिली.

पाच मिनिटांची पंधरा झाली. परत येऊन पाहतो तो मूल जागे होऊन पुढे आले होते. त्याने प्रथम मागच्या दाराची मूठ ओढली असणार, आणि ती आम्हीच निकामी करून ठेवलेली. मग दोन आसनांमधून सरपटत तो चालकाच्या जागी आला आणि तेथल्या कळा दाबून पाहू लागला. त्यांतली एक कळ चारही दारांची कुलुपे एकदम लावणारी होती. आम्ही दार ओढले, उघडेना. दुसरे, तिसरे, मागचे, सारी बंद. मागची दारे आतून आमच्या दांडीने बंद, बाहेरून त्याच्या कळीने बंद. दुसरी किल्ली होती, पण ती अडीचशे किलोमीटरांवर आमच्या कपाटात.

येथे आम्ही जे केले ते सांगावयास लाज वाटते, तरी सांगतो. आम्ही काचेवर जोराने थापा मारू लागलो, ओरडू लागलो, "ते बटण दाब! ते नको, ते!" चार वर्षांच्या मुलाने आमचा तो अवतार पाहिला आणि रडू लागला. रडतारडता त्याचा हात किल्लीवर पडला, किल्ली फिरली आणि इंजिन बंद पडले. गार वारा थांबला. मघापर्यंत नुसती फजिती होती. आता आत एक मूल होते आणि डोक्यावर मे महिन्याचे ऊन.

वाचकांस ह्याची भीती किती धरावी हे कळावे म्हणून थोडे सांगतो. २००५ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी उन्हात उभ्या मोटारीतील तापमान मोजून एक अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभरात आतले तापमान बाहेरच्याहून सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढते, आणि त्या वाढीतला चारपंचमांश भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो, असे त्यांस आढळले. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्यांनी दाखविले. मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या मानाने कितीतरी लवकर तापते. हे दूरदेशीचेच दुखणे आहे असेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे उभ्या मोटारीत सापडून पाच व सात वर्षांची भावंडे दगावली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यात रांढिया गावी शेतमजुरांची चार मुले, दोन ते सात वर्षांची, आईबाप शेतावर गेले असता मोटारीत शिरली, दारे बंद झाली, आणि सायंकाळी चौघेही मृत आढळली. हजीऱ्याहून वाहने घेऊन जाणारी रो-रो बोट २०२० पासून आखात ओलांडून घोघ्यास जाते. अमरेली तेथून काही फार दूर नाही.

चालकाने चाक बदलावयाची लोखंडी दांडी बाहेर काढली. मागच्या बाजूची काच फोडावयाची, असे त्याने ठरविले, आणि ते योग्यच होते. समोरची काच दोन थरांची, मध्ये पातळ पापुद्रा घातलेली असते; ती तडकते पण सहसा निखळत नाही. बाजूच्या काचेचे मात्र एका घावात बारीक खडे होतात. घाव काचेच्या मध्यावर न घालता कोपऱ्यावर घालावा, आणि मुलापासून जी सर्वांत दूर ती काच निवडावी.

तेवढ्यात आजी आल्या. त्यांनी आमच्या दंडास धरून आम्हांला बाजूस केले. "फादर, तुम्ही जरा मागे व्हा. तुम्हांला बघून घाबरतोय तो." मग पदर सारखा करून त्या चालकाच्या दाराच्या काचेशी वाकल्या आणि हसल्या. त्यांचे ते हसणे आम्ही विसरणार नाही, कारण काचेवर टेकलेला त्यांचा हात कापत होता, हे आम्हांला मागून दिसत होते. त्यांनी काचेवर नाक दाबून चपटे केले. मूल रडता रडता थांबले. त्यांनी बोटाने दाराच्या आतल्या मुठीजवळचा लहानसा खटका दाखविला आणि आपल्या हातावर बोटाने ओढल्याची नक्कल केली. मुलाने काचेला हात लावला. पुन्हा नक्कल. मुलाने मूठ धरली. "नाही रे सोन्या, त्याच्या मागचं, छोटं!" हे त्यांनी इतक्या लाडाने म्हटले की जणू अंगणात चिंचोके खेळत आहेत. तीनदा चुकले. चौथ्यांदा खट् असा आवाज झाला आणि चालकाने दार उघडले.

मूल घामाने निथळत होते, बाकी काही झाले नव्हते. चालकाने घड्याळ पाहिले होते. इंजिन बंद पडल्यापासून साडेसहा मिनिटे. आम्हांला ती दुपारभर वाटली. तो खटका आजींना कसा ठाऊक, असे आम्ही नंतर विचारले. त्या म्हणाल्या, "वाटेत दर थांब्याला हा मुलगा उतरताना तेच ओढत होता. मागे बसून दुसरं काय बघायचं?"

आम्ही मात्र त्याच मुलाशेजारी सकाळपासून बसलो होतो आणि त्याचा हात आम्ही एकदाही पाहिला नव्हता.

कुलूप हे कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळतो आहे. मुलांस राखणारी ती मागच्या दाराची दांडी भाड्याच्या टॅक्सीत प्रवासी स्त्रीस कोंडून ठेवू शकते, हे ओळखून सरकारने १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या टॅक्सींत ती असू नये असा नियम केला. विजेवर चालणारे कुलूप बिघडले तरी हाताने उघडता यावे, ही तरतूदही त्याच तारखेपासून नव्या गाड्यांस लागू झाली. जुन्या गाड्या मात्र गावोगाव तशाच धावत आहेत. १९८४ साली आलेली ती सरकत्या दारांची छोटी मारुती व्हॅन २०१९ मध्ये बनणे बंद झाले, तरी तिच्यातून आजही कित्येक गावी मुले शाळेत जातात. सिनेमावाल्यांनी तिला फक्त पळवून नेण्याच्या कामास लावले, हा त्या बिचारीवर अन्याय आहे.

आमच्या गाडीत आता मागची दांडी लागते ती फक्त मूल बसलेले असताना, आणि उतरताना ती काढली की नाही हे चालक मोठ्याने सांगतो. किल्ली गाडीत ठेवून कोणी उतरत नाही, यंत्र चालू ठेवून तर नाहीच. बंद जागेत चालू इंजिनाचा विषारी वायू आत शिरतो, हे आणखी एक कारण चालकाने दिले. दुसरी किल्ली त्याच्या गळ्यात असते. घरी अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांची दारेही बंद ठेवावीत, अशी आमची विनंती आहे. रांढिया येथील गाडी घराजवळच उभी होती.

त्या दिवशी आम्ही मुलाच्या घरी पोचलो तेव्हा आईने त्यास कडेवर घेतले आणि विचारले, "हा इतका भिजला कसा?" आम्ही तोंड उघडणार, तोच आजी म्हणाल्या, "खेळत होता." आम्ही गप्प राहिलो आणि पुढे आलेले सरबत घेतले. परतीच्या वाटेवर आम्ही आजींना पुढच्या आसनावर बसविले आणि स्वतः मागे बसलो. छतातली कळ कोठे आहे, हे त्यांनीच मान वळवून आम्हांला दाखविले.

हे साप्ताहिक हजीऱ्याच्या त्या घरीही जाते. छापावयास देण्यापूर्वी आम्ही आजींना हा लेख वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "लिहा, फादर. पण आधी मी तिला फोन करते."