केसांची साक्ष

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव त्याहून वेगाने पसरले आणि गावांवर बोट ठेवले गेले. त्वचेचा दाह हा माझा अभ्यासविषय असल्याने मला हे नाव पहिल्यापासून खटकते. चाई पडते तेव्हा शरीराच्याच संरक्षक पेशी केसाच्या मुळावर चालून जातात, पण टक्कल साधारणतः गोल चट्ट्यांनी सुरू होते. डोक्याला नायटा झाला तर खवले धरतात, केस अर्ध्यात तुटतात आणि बहुधा मुलेच सापडतात. ताप किंवा बाळंतपणानंतरची केसगळती दोन-तीन महिन्यांनी येते. दिवसांत होणारी गळती वेगळी असते. डोक्यावरचे दहातले आठ-नऊ केस कायम वाढीत असतात, त्यांच्या मुळाशी पेशींचे विभाजन अखंड चालू असते आणि विष पोटात गेले की ते तिथेच पहिला घाव घालते. कर्करोगाच्या औषधांनी केस जातात ते याच वाटेने. म्हणून माझे मत असे की, शोध डोक्याच्या कातडीवर थांबवून चालणार नव्हता, तो ताटापर्यंत न्यायला हवा होता.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तो तसा नेला. विंचूदंशावरच्या उपचाराने जगाला माहीत झालेल्या या डॉक्टरांनी १८ गावांतले २७९ रुग्ण नोंदवले. रक्त, लघवी आणि केस या तिन्हींत सेलेनियम कितीतरी पट वाढलेले आणि जस्त घटलेले त्यांना आढळले. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, धुतल्यावर १३.६१. माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका आकडा हा दुसरा आहे. वरून बसलेली धूळ किंवा फवारणी असती तर ती पाण्याबरोबर बरीचशी गेली असती. इथे सेलेनियम दाण्याच्या आत, त्याच्या प्रथिनात मुरलेले होते. सेलेनियम हे गंधकाचे सख्खे भावंड. गहू जमिनीतून ते उचलतो आणि गंधकाच्या जागी बसवून मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल घडवतो. आपल्या पेशींना हा बदल ओळखता येत नाही. केसाची सारी ताकद केराटिनच्या धाग्यांना सांधणाऱ्या गंधकाच्या दुहेरी गाठींत असते, आणि सेलेनियमचा अतिरेक याच गंधकाच्या रसायनात ढवळाढवळ करतो. नखेही केराटिनचीच. त्याच भागात पुढे एप्रिलमध्ये काहींची नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या, त्यांचे मला नवल वाटले नाही.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा. नमुन्यांत नायट्रेट जास्त निघाले हे खरे, आणि हा खारपाणपट्टा आहे हेही खरे. पण ते पाणी इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पीत आली, केस मात्र त्याच हिवाळ्यात गेले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सेलेनियम तर शरीराला लागतेच, त्याच्या गोळ्याही विकल्या जातात. लागते, हे निर्विवाद. माणसाच्या २५ जनुकांत सेलेनियमयुक्त प्रथिनांची कृती लिहिलेली आहे, आणि त्यासाठी पेशी एरवी ‘थांबा’ सांगणारी खूणसुद्धा वेगळ्या अर्थाने वाचते. पण प्रौढाची दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि सुरक्षित कमाल मर्यादा ४००. त्या गव्हाच्या पाव किलोच्या पोळ्या पोटात गेल्या तर ३,६०० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे मर्यादेच्या नऊपट. मग रेशन खाणाऱ्या सगळ्यांचेच केस का गेले नाहीत? एका शिवारातून दुसऱ्यात सेलेनियम फार बदलते, प्रत्येक घरात गहू सारखा शिजत नाही, आणि जस्ताची कमतरता असलेले शरीर आधीच हळवे असते. जमिनीतून धान्यात येणारे सेलेनियम ही काही नवी गोष्ट नाही: पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यात सेलेनियमयुक्त जमिनी आहेत, आणि चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात अशाच विषबाधेने केस आणि नखे गळाली होती. एकट्या गव्हाच्या नमुन्याने खटला पूर्ण होत नाही, हे मी मान्य करेन. पण रक्त, लघवी, केस आणि धान्य चारही एकच बोलत असतील, तर संसर्गाची बाजू मांडणाऱ्याने तितका पुरावा आणायला हवा.

रेशनचा गहू गोदामातून सुटण्याआधी त्यातले जड धातू आणि सेलेनियम तपासले जावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. आणि तुमच्या गावात पुन्हा कधी असे घडले, तर घरातला मूठभर गहू बरणीत बाजूला काढा आणि गळलेले केस कागदी पाकिटात तारीख घालून ठेवा. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे विष अंगात कधी शिरले याचा माग त्याच्या लांबीवरून काढता येतो.