वहीतली कोरी जागा

गल्लीत लग्नाचा मांडव पडला, की एका कोपऱ्यात धडधडणारे लहानसे यंत्र तुम्ही पाहिले असेल. ते जनरेटर. लाईट गेली, की सगळ्यांना त्याची आठवण येते आणि लाईट आली, की सगळे त्याला विसरतात. मीही एकदा त्याला विसरलो होतो. ती गोष्ट तुम्हांला सांगतो.

२००७ सालचा मे महिना होता. आम्ही मालेगावात राहत होतो. त्या काळी महाराष्ट्रात विजेची फार टंचाई होती. रोज कित्येक तास भारनियमन असे. लाईट गेली, की यंत्रमागांची खडखड थांबे आणि सारी गल्ली एकदम मुकी होई. माझे अब्बा लग्नकार्यासाठी दिवे आणि जनरेटर भाड्याने देत. लग्नसराईत त्या यंत्राला उसंत नसे.

त्या वर्षी ऐन लग्नसराईत अब्बा विषमज्वराने अंथरुणाला खिळले. यंत्र ने-आण करायला एक कामगार होता. पण साफसफाई अब्बांनी माझ्यावर सोपवली. मी नुकतीच आठवीची परीक्षा दिली होती. त्यांनी मला एक वही दिली. यंत्र किती तास चालले, ते तीत लिहायचे. दर आठवड्याला हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर, धुवायचा आणि वहीत बरोबरची खूण करायची.

"बेटा," अब्बा म्हणाले, "आपल्या हवेत धूळ आहे, कापसाचे तंतू आहेत. ते यंत्राच्या नाकात जातात. नाक साफ असेल, तरच ते श्वास घेईल."

पहिल्या आठवड्यात मी फिल्टर धुतला. दुसऱ्या आठवड्यात आमचे क्रिकेटचे सामने होते. मी नुसती खूण केली. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यातही तेच केले. यंत्र तर चालतच होते! मग काय बिघडले?

महिनाअखेरीस शेजारच्या खालांच्या मुलीचा निकाह होता. खाला विधवा होत्या. शिवणकाम करून त्यांनी पैसे साठवले होते. अब्बा तेव्हा थोडे हिंडूफिरू लागले होते. यंत्र पाठवण्यापूर्वी त्यांनी वही मागितली. ओळीने खुणा पाहून ते म्हणाले, "शाबास!" मी मान खाली घातली.

रात्री पाहुणे जेवायला बसले आणि लाईट गेली. जनरेटर सुरू झाला. थोड्याच वेळात त्यातून काळा धूर निघू लागला. दिवे मंद झाले आणि यंत्र बंद पडले. गडद अंधार झाला. गरम सालनाचे पातेले घेऊन येणारा एक मुलगा अडखळला. सालन त्याच्या पायावर सांडले. त्याची किंकाळी मला आजही आठवते. उरलेले जेवण कंदिलांच्या उजेडात उरकले.

घरी आल्यावर अब्बांनी फिल्टर उघडला. त्यावर तंतूंचा आणि धुळीचा जाड थर होता. हवा कमी पडल्यामुळे पेट्रोल नीट जळले नव्हते आणि स्पार्क प्लग काजळीने काळा झाला होता. अब्बांनी मला मारले नाही. वही उघडून ते एवढेच म्हणाले, "काम राहून गेले, हे मी समजू शकतो. पण ही जागा तू कोरी ठेवली असतीस, तर फिल्टर मी स्वतः उघडला असता. तुझ्या खुणेने मला फसवले."

दुसऱ्या दिवशी अब्बांनी खालांना भाडे परत केले. मग ते मला त्या मुलाच्या घरी घेऊन गेले. मी त्याची माफी मागितली.

त्यानंतर अब्बांनी मला सारे काम हाताला धरून शिकवले. तुम्हीही ते समजून घ्या. मात्र प्रत्यक्ष काम मोठ्या माणसाबरोबरच करा. यंत्र आधी बंद करून थंड होऊ द्यावे आणि प्लगची वायर काढून ठेवावी. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, न पिळता दाबून पाणी काढावे आणि पूर्ण वाळू द्यावा. मग त्याला इंजिनच्या तेलाचे थोडे बोट लावून जादा तेल दाबून काढावे. अशा लहान यंत्रांचा फिल्टर साधारण ५० तासांनी साफ करतात. धुळीच्या जागी त्याहून लवकर. इंजिनचे तेल नव्या यंत्रात पहिल्या २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी बदलतात. यंत्र बरेच दिवस पडून राहणार असेल, तर त्यातले पेट्रोल काढून ठेवावे. जुने पेट्रोल चिकट होते आणि कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. जनरेटर घरात, जिन्याखाली किंवा बंद खोलीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही.

आज मी शिक्षक आहे. आमच्या शाळेत एक लहान जनरेटर आहे. त्याची गरज क्वचितच पडते. तरीही महिन्यातून एकदा आम्ही तो मैदानात आणतो, पुसतो, तेल पाहतो आणि थोडा वेळ चालवतो. त्याच्याजवळ खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्यात काही जागा कोऱ्या आहेत. परीक्षेच्या महिन्यात आमचे काम राहून गेले, तेव्हाच्या त्या जागा. मुले विचारतात, "सर, इथे खूण करू का? वही चांगली दिसेल."

मी म्हणतो, "नको. ती जागा तशीच राहू दे. आधी फिल्टर उघडून पाहू या."