छातीतल्या चिपची माहिती कुणाकडे?

अब्बांना पेसमेकर बसवायचे ठरले, तेव्हा घरात दोन तट पडले. चाचा म्हणाले, "अंगात चिप गेली की कुणीही लांब बसून काळीज बंद पाडेल." अम्मी म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील तेवढं करा, जास्त विचारू नका."

चाचांची भीती अगदीच हवेतली नव्हती. हल्लीचे बरेच पेसमेकर बिनतारी लहरींनी बाहेरच्या यंत्राशी जोडले जातात. म्हणूनच डॉक्टरांना चिरफाड न करता बॅटरी तपासता येते, ठोक्यांची गती बदलता येते. पण डॉक्टरांसाठी ठेवलेल्या दाराला पक्की कडी नसेल, तर परकाही आत शिरू शकतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत हृदयाच्या अशाच एका यंत्रातली माहिती बाहेरून वाचून आणि त्याचे काम बदलून दाखवले. माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांनी २००७ मध्येच बंद ठेवली होती. २०१७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने एका कंपनीच्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरांचे सॉफ्टवेअर सुधारून घ्यायला सांगितले. ते काम दवाखान्यात काही मिनिटांचे होते आणि त्या त्रुटीमुळे कुणाला इजा झाल्याची नोंद तोवर नव्हती.

म्हणजे धोका आहे, पण ठोके मंदावण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. पेसमेकर बसवायचाच, हे आम्ही नक्की केले.

मला खरी काळजी वाटली ती माहितीची. यंत्राबरोबर उशाशी ठेवायचा एक डबा मिळणार होता. तो ठोक्यांची नोंद कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. त्याचे संमतीपत्र इंग्रजीत होते आणि अब्बा उर्दू चौथी शिकलेले. ही नोंद कोण पाहणार, असे विचारले तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "सगळेच सही करतात." आम्ही सही थांबवली. शेवटी डॉक्टरांनी दहा मिनिटे बसून अब्बांना सारे समजावले, मगच त्यांनी कागदावर सही केली.

दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय पाऊल टाकू नये, हे आपण लेकरांना शिकवतो. छाती तर घराहून जवळची. तुमच्या घरी पेसमेकर किंवा साखर मोजणारा सेन्सर येणार असेल, तर जरूर बसवा. मात्र आधी विचारा: माहिती कुठे जाते, कोण वाचतो, सॉफ्टवेअर कधी बदलावे लागेल, आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा? उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि यंत्राच्या कार्डाबरोबर जपून ठेवा.