साथीला पियानो

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर काय सांगावे, याचा आपल्याकडे एक शिरस्ता ठरून गेला आहे. त्याने टॉवर ब्रिजचे वर्णन करावे, मेणाच्या पुतळ्याशेजारी उभे राहून काढलेला फोटो दाखवावा आणि तिथल्या पावसाला नावे ठेवावीत. मी हे सारे यथासांग केले. पण चौथ्या पाहुण्यापुढे तीच हकीकत उगाळताना माझ्या ध्यानात आले, की खरी सांगण्यासारखी गोष्ट मी दर वेळी गिळतो आहे. ती घडली एका विहिरीपाशी.

माझी धाकटी बहीण लंडनला असते. गेल्या मे महिन्यात कॉलेजला सुटी लागताच तिने आम्हां सर्वांना बोलावून घेतले. सर्वांना म्हणजे मी, सौ., आमची दहा वर्षांची कन्या आणि एकोणऐंशी वर्षांचे अण्णा. अण्णा येतील की नाही याची मला शंका होती. पण त्यांनी दोन लोकरीच्या बंड्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी एवढेच सामान काढून ठेवले आणि "कधी निघायचं?" असे विचारले.

एके दिवशी बहीण म्हणाली, "सॅडलर्स वेल्सला एक बॅले मंडळी दौऱ्यावर आलीय. सगळी नृत्यं पियानोवर आहेत. जाऊ या?" तिकिटांचा दर ऐकून मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि सौ.कडे पाहिले. "मला त्यातलं काय कळतंय!" असे म्हणून तिने समजूतदारपणे माघार घेतली. कन्येला आतेभावाबरोबर खेळायचे होते. खरे सांगायचे तर मलाही बॅलेतले काही कळत नाही. मराठीच्या प्राध्यापकाला जिथे शब्द नाहीत तिथे जरा परके वाटते. पण अण्णांनी 'दौऱ्यावर' हा शब्द ऐकला आणि ते कोट घालायला उठले.

याचे कारण असे, की अण्णांचे अर्धे आयुष्य दौऱ्यावर गेले. सांगलीला जिल्हा परिषदेत ते कारकून होते, पण रजा, सुट्या आणि पुष्कळशा रात्री त्यांनी संगीत नाटकांच्या मंडळींना वाहिल्या. ते ऑर्गन वाजवीत. 'सौभद्र' असो की 'मानापमान', रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून ते पायाने भाता मारीत बसत. जाहिरातीत नटांची नावे ठळक, तबलजीचे बारीक. ऑर्गनवाल्याच्या नावाला पुष्कळदा जागाच उरत नसे. शाळेत मला कोणी विचारले, "तुझे वडील नाटकात काय करतात रे?" की मी म्हणे, "काही नाही. खाली बसलेले असतात."

2012 साली आई गेली. अण्णांना मी पुण्याला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर घेऊन आलो. ऑर्गन कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. मी तो एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दिला. अण्णांच्या खोलीत त्याच्या मापाची जागा होती, तिथे माझी पुस्तकांची दोन कपाटे उभी राहिली. अण्णा काही बोलले नाहीत. मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

एंजल स्टेशनवर उतरले की साठ मीटर लांबीचा सरकता जिना लागतो. भुयारी रेल्वेवरचा हा सर्वांत लांब जिना. अण्णांनी कठडा घट्ट धरला आणि वर पोचेपर्यंत एक शब्द काढला नाही. तिथून पाच-सात मिनिटे चालले की रोझबेरी अ‍ॅव्हेन्यूवर हे नाट्यगृह येते. 1683 साली रिचर्ड सॅडलर नावाच्या गृहस्थाच्या आवारात जुन्या विहिरी सापडल्या. त्यांचे पाणी औषधी म्हणून त्याने विकायला काढले आणि पाणी प्यायला आलेल्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून गाणेबजावणे ठेवले. पाण्याचे औषध मागे पडले, करमणूक राहिली. त्याच जागी एकामागून एक नाट्यगृहे झाली. मधल्या एका काळात तर रंगमंचावर हौद बांधून, शेजारच्या कालव्याचे पाणी त्यात सोडून आरमारी लढाया दाखवीत. 1931 साली लिलियन बेलिस या जिद्दीच्या बाईने पडीक झालेले थिएटर पुन्हा उघडले आणि निनेत द व्हॅल्वा यांच्या हाती नृत्य सोपवले. आज 'रॉयल बॅले' म्हणून जी मंडळी जगभर गाजते, तिचा पाळणा इथेच हलला. सध्याची इमारत 1998 सालची, सहावी. विहीर मात्र अजून तिच्या पोटात आहे.

आत जाऊन बसलो. पडदा वर गेला आणि अण्णांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. पियानो रंगमंचावर होता! खालच्या खड्ड्यात काळोख, आणि वादक वर, उजेडात.

पहिले नृत्य जॉर्ज बॅलन्शीन यांचे. स्त्राविन्स्कीने 1932 साली व्हायोलिन आणि पियानोसाठी रचलेल्या संगीतावर त्यांनी ते 1972 साली न्यूयॉर्कमध्ये बसवले. एक तरुण आणि एक तरुणी पियानोच्या मागे येऊन उभी राहिली. वादकांनी सुरुवात केली. मी वाट पाहू लागलो की आता ही दोघे नाचतील. एक मिनिट गेले, दोन गेली. दोघे जागची हलेनात. नुसती ऐकत उभी! संगीताचा पहिला भाग पुरा संपला, तेव्हा कुठे ती पुढे आली. मग नाचली, अगदी मनसोक्त नाचली. पण मध्येच पुन्हा पियानोपाशी जाऊन, धापा टाकीत, वादकांकडे पाहत उभी राहिली.

"काही चुकलं का त्यांचं?" मी बहिणीला कुजबुजत विचारले.

उत्तर अण्णांनी दिले. "चुकलं नाही. ऐकताहेत."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांची नजर नर्तकांवर नव्हतीच. ती पियानोवाल्याच्या मानेवर खिळली होती. त्याचे डोळे पाना-पानाला स्वरलिपीवरून उठत आणि नर्तिकेच्या पायांवर जात.

मध्यंतरात बहिणीने आइस्क्रीमचे छोटे डबे आणले. चमचा झाकणातच बसवलेला असतो. तो शोधण्यात माझे निम्मे मध्यंतर गेले. बहिणीने कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली आणि एक नवी माहिती सांगितली. बॅलेच्या मंडळींचा रोजचा रियाज पियानोवर चालतो. सकाळी कठड्याला धरून गुडघे वाकवण्यापासून ते नवे नृत्य बसवण्यापर्यंत साथीला एकच माणूस, तालमीचा पियानोवाला. सगळा वाद्यवृंद येतो तो अगदी शेवटी, प्रयोग तोंडावर आल्यावर. मग वाद्यवृंद खड्ड्यात बसतो, टाळ्या घेतो, आणि महिनोन्‌महिने राबलेला पियानोवाला घरी जातो.

"म्हणजे आज," अण्णा डबा खरवडीत म्हणाले, "तालमीतल्या माणसाचा प्रयोग."

पुढे पुण्याला आल्यावर मी याविषयी थोडे वाचले. आम्ही पाहिलेले पहिले आणि दुसरे नृत्य न्यूयॉर्कला प्रथम झाले, तेव्हा दोन्हींना पियानोवर गॉर्डन बोल्झनर होते. ते त्या कंपनीचे तालमीचे पियानोवादक; पुढे तिथलेच संगीत-दिग्दर्शक झाले. त्यांचे नाव नोंदीत ठळक आहे. हे वाचून मला उगाच बरे वाटले.

दुसरे नृत्य जेरोम रॉबिन्स यांचे, 1969 सालचे. 'वेस्ट साइड स्टोरी'ची नृत्ये बसवणारे ते हेच. पाच तरुण, पाच तरुणी. शोपँच्या अठरा रचना. जवळजवळ तासभराचे काम, आणि साथीला तो एकटा पियानो. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. पात्रांना नावेसुद्धा नाहीत. कपड्यांच्या रंगांवरून त्यांना ओळखायचे, तपकिरी, हिरवी, गुलाबी अशी. कोणी भेटते, थट्टा करते, रुसते, निघून जाते. वर्गात मी मुलांना 'कवितेचा आशय सांगा' असे वर्षानुवर्षे बजावत आलो आहे. इथे आशय विचारण्याची सोयच नव्हती, आणि तरी माझ्या घशात काहीतरी दाटून येत होते.

शोपँ पोलंडचा. विसाव्या वर्षी, 1830 साली त्याने वॉर्सा सोडले, आणि 1849 साली पॅरिसमध्ये मरेपर्यंत तो मायदेशी परतू शकला नाही. पण त्याने पन्नासांहून अधिक माझुर्का लिहिल्या. माझुर्का हा त्याच्या मुलखातला लोकनाच. अण्णांची बोटे खुर्चीच्या हातावर हिशेब करू लागली होती. "तीनच मात्रा आहेत रे," ते पुटपुटले, "पण गंमत बघ. जोर कधी दुसरीवर देतो, कधी तिसरीवर. नाचणाऱ्याला पाऊल टाकायला जागा ठेवतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आपल्या ऑर्गनचा स्वर भाता मारीत राहू तोवर टिकतो. ह्याचा वाजल्याक्षणी विझायला लागतो. म्हणून ह्याला घाई करता येत नाही, आणि रेंगाळताही येत नाही."

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिले. मी ओशाळलो. अण्णांना गप्प करावे असे मात्र प्रथमच वाटले नाही.

शेवटाकडे दहाही जण रंगमंचावर आले आणि उभे राहिले. आकाशातून काही जात असावे तशा त्यांच्या माना हळूहळू एकीकडून दुसरीकडे वळल्या. मग तो तपकिरी कपड्यांतला तरुण खाली वाकला आणि त्याने हाताचा पंजा जमिनीवर टेकवला. बस, एवढेच. आपल्याकडे नट रंगभूमीला हात लावून तो कपाळाशी नेतो. त्याने नेला नाही. पण माझ्या शेजारी अण्णांचे हात आपोआप जोडले गेले होते.

तिसरे नृत्य विनोदी, पुन्हा रॉबिन्स यांचेच, 1956 सालचे. शोपँच्या मैफलीला जमलेल्या श्रोत्यांची त्यात यथेच्छ टवाळी आहे. एक बाई भक्तिभावाने पियानोला मिठी मारून बसते. कोणीतरी तिच्या खालची खुर्ची काढून घेतो, तरी तिची समाधी मोडत नाही आणि ती तशीच अधांतरी बसून राहते. सहा नर्तिका एकत्र नाचतात आणि दर वेळी कोणीतरी एक चुकते. आमच्या गॅदरिंगची आठवण होऊन मी पोट धरून हसलो. अखेरीस वादकाचाच धीर सुटतो आणि फुलपाखरे पकडायचे जाळे घेऊन तो सगळ्यांच्या मागे धावत सुटतो.

पण अण्णा हसले ते अगदी सुरुवातीला. पियानोवादक गंभीर चेहऱ्याने आला, बसला, आणि वाजवण्याआधी त्याने फडके काढून पट्ट्या पुसल्या. धुळीचा हा लोट उठला! सारे प्रेक्षागृह खळखळून हसले, आणि त्या हशात अण्णांचा हसू मला वेगळे ऐकू आले. इतके मोठ्याने हसताना आई गेल्यापासून मी त्यांना पाहिले नव्हते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मग बराच वेळ ते पुसतच राहिले.

बाहेर आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पाऊस भुरभुरत होता. बहीण छत्री उघडीत पुढे गेली. मी अण्णांचा हात धरला.

"माझं फडकं आहे हो माझ्याकडे," अण्णा एकाएकी म्हणाले. मला 'हो' म्हणून बोलण्याची त्यांची रीत ते फार संकोचले की उमटते. "पट्ट्या पुसायचं. ऑर्गन न्यायला माणसं आली ना, तेव्हा तेवढं काढून घेतलं होतं. त्यांना काय त्याचा उपयोग!"

एंजलच्या त्या लांबलचक जिन्यावरून आम्ही खाली उतरत होतो. मराठीचा प्राध्यापक मी. वाक्ये जुळवण्याचा पगार घेतो. साठ मीटर उतरेपर्यंत मला एक वाक्य जुळले नाही. "अण्णा, माझं चुकलं," हे तीन शब्द जिना संपल्यावर, गाडीच्या धडधडाटात मी म्हणालो. त्यांना ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, "त्या मुलाची मान दुखत असेल. दोन्हीकडे बघायचं म्हणजे..."

पुण्याला आल्यावर मी त्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याला ऑर्गन आठवतही नव्हता. आठवावा तरी कसा? मग जुन्या बाजारातून एक हातपेटी घेतली. पुस्तकांचे एक कपाट माळ्यावर आणि कॉलेजच्या खोलीत वाटून टाकले.

आमची कन्या कथक शिकते. घरी रियाज करताना तिचा लेहरा मोबाइलवर वाजतो. न थकता, न चुकता आणि तिच्याकडे न पाहता. पेटी आली त्या संध्याकाळी तिने मोबाइल लावला, तेव्हा अण्णांनी हाताने खूण करून तो बंद करायला सांगितला. ट्रंकेतून त्यांनी एक चौकोनी घडी आणली. उडालेल्या निळ्या रंगाचे, कडेला शिवलेले फडके. ती शिवण आईची होती. त्यांनी पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पुसल्या, भाता उघडला आणि त्रितालाचा लेहरा धरला.

मुलगी नाचू लागली. तिहाईत तिचा पाय जरा मागे राहिला. मोबाइल तिच्यासाठी कधी थांबला नसता. अण्णांनी तिच्या पायांवरची नजर न काढता स्वर किंचित, अगदी किंचित लांबवला आणि तिला समेवर घेतले.

"आजोबा, परत!" ती म्हणाली.